'ट्रॉमातून बरा होणे' की 'माणसात येणे'?

प्रश्न असा आला आहे: 'टोकियो घूल' या जपानी भयमालिकेवर मराठीत लिहितोय. 'नायक आघातातून बरा होतो आणि त्याचा चारित्र्यविकास होतो' असं वाक्य केलं, पण मित्र म्हणतो बोजड वाटतंय. काय करू?

मित्राचं बरोबर आहे, पण बोजडपणा ही त्यातली लहान तक्रार. 'चारित्र्यविकास' तर सरळ चूक आहे. चारित्र्य म्हणजे शील, वर्तन. चारित्र्याचा दाखला पोलीस देतात, कथाकार नाही. तुम्हाला हवंय ते पात्राचं घडत जाणं किंवा व्यक्तिरेखेची वाढ. हे एवढ्यावर सोडू.

आघाताची गोष्ट जास्त गमतीची आहे. ट्रॉमा मूळ ग्रीक, अर्थ जखम. महामार्गाकाठच्या 'ट्रॉमा केअर'च्या पाटीवर तोच अर्थ आहे. जपान्यांनी तो जर्मनमार्गे घेऊन 'तोराउमा' केला, आणि त्यांच्या वैद्यकातला शब्द आहे 'शिन्तेकी गाइशो', म्हणजे मनाला झालेली जखम. आपला 'आघात' मात्र 'हन्' धातूवरून आला. तो तडाखा आहे, जखम नव्हे. तडाखा एका क्षणात बसतो आणि संपतो; जखम माणूस बाळगत राहतो. म्हणून मला 'घाव' बरा वाटतो. घाव घालतात तेव्हा तो तडाखा असतो, मनावर राहतो तेव्हा जखम. दोन्ही अर्थ एकाच शब्दात.

आता मालिकेच्या नायकाकडे, कानेकीकडे. सुई इशिदा यांची मूळ चित्रकथा-मालिका २०११ ते २०१४ चालली, पुढचा भाग २०१८ पर्यंत. कानेकी हा पुस्तकवेडा, बुजरा विद्यार्थी. अपघातानंतर एका घूलचे, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या नरभक्षकाचे, अवयव त्याच्यात बसवले जातात आणि तो अर्धा नरभक्षक होतो. पुढे यामोरी नावाचा एक क्रूर घूल त्याला खुर्चीला बांधून बोटं तोडतो, ती पुन्हा उगवतात, पुन्हा तोडतो. वर हजारातून सात-सात वजा करत मोजायला लावतो. १०००, ९९३, ९८६... बाहेर येतो तेव्हा केस पांढरे झालेले असतात आणि तो कमालीचा ताकदवान झालेला असतो.

इथे बरेच वाचक 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्या म्हणीतल्या मूर्तिकाराच्या डोळ्यांपुढे मूर्ती असते. यामोरीच्या डोळ्यांपुढे काही नसतं, त्याच्यावर जे झालं ते तो पुढे देतो एवढंच. पांढऱ्या केसांच्या कानेकीला मी 'निबर झाला' म्हणेन. भेंडी निबर होते तशी: आकाराने मोठी, पण शिजत नाही. 'खंबीर' म्हणू नका, त्यात कौतुक आहे. 'निर्ढावला'ही नको, त्यात निर्लज्जपणाची छटा येते.

पुढच्या भागात तो सासाकी हाइसे नावाने घूलांचा माग काढणाऱ्यांतच नोकरी करतो, जुनं काही आठवत नाही. हे बरं होणं नव्हे. खपली धरली आहे, आणि ती निघेल याची भीती त्याला स्वतःलाच आहे. पुढे निघतेच. मग कळतं की ज्या आईची माया तो जपत होता ती त्याला मारायची. म्हणजे पहिला घाव यामोरीचा नव्हताच.

म्हणून 'बरा झाला' हे तापापुरतं ठेवा. 'सावरणे' चालेल, कारण सावरणारा अजून डगमगतोय हे त्यात धरलेलं असतं. पण 'सावरला' एका झटक्यात झाल्यासारखं वाटतं. 'सावरत गेला' लिहा, त्या दोन अक्षरांत वर्षं मावतात.

आणि या पात्रासाठी आपल्याकडे एक जोडी आयती आहे: 'माणसातून उठणे' आणि 'माणसात येणे'. एरवी व्यसनी किंवा खचलेल्या माणसाबद्दल आपण हे म्हणतो. कानेकीच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं: माणसांचं जेवण त्याला पचत नाही, पाणी सोडलं तर घशाखाली उतरते ती फक्त कॉफी. शेवटी तो माणूस होत नाही, पण बायको-मुलीच्या घरात, चार जणांत, येतो. 'माणसात आला' हे तिथे कुठल्याही 'रिकव्हरी'पेक्षा नेमकं बसतं. मात्र समीक्षेत एकदाच वापरा, दुसऱ्यांदा कोटी वाटेल.

जाता जाता एक सावधगिरी. यामोरीला अंगठ्याने तर्जनी कडकन मोडायची खोड असते, आणि छळानंतर ती कानेकीला लागते. तिथे तुम्ही 'तो शत्रूसमोर बोटं मोडतो' असं लिहिलंत, तर मराठी वाचकाला तो नळावरच्या भांडणात शिव्याशाप देतोय असं दिसेल. 'तर्जनीचा सांधा कडकन वाजवतो' असं लिहा.