बेटांवर गोड्या पाण्यातल्या माशांच्या नव्या जाती बनतात, मग जायकवाडीत का नाही?

जायकवाडी धरण 1976 चं, अन् दर पुरात वरच्या गोदावरीतले मासे त्याच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, उतरतातच. जात फुटायला रक्त मिसळणं थांबावं लागतं, तेही हजारो पिढ्या. बेटावर हे काम समुद्र करतो. तिथं मुळात पोचतात ते बहुधा खारं पाणी सोसणाऱ्यांचे वंशज. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या मातानो तळ्यात असे मासे अडकले. कोण काय खातं, मादी कुठला नर निवडते, यावरून वेगळे होत गेले.

नुसतं बेट मात्र पुरत नाही. हवाई बेटांवरचे गोबी नावाचे छोटे मासे पोटाखालचे पर जुळून झालेल्या वाटीनं ओल्या कातळाला चिकटत धबधबा चढतात. पण अंड्यातून निघालेली पिलं वाहत समुद्रात जातात अन् महिन्यांनी परतताना कुठल्याही बेटाच्या ओढ्यात शिरतात. म्हणून तिथं बेटागणिक वेगळी जात नाही.