पहिली सरी

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "ताई, ते घट्ट बारीक कुरळे आफ्रो केस असतात ना, तसल्या केसांची एक बाई आलेली, मी सांगितलं आमच्याकडे होत नाही." दुकानात गर्दी होती, म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

अर्धीच चूक तुझी. लंडनला मी हे काम शिकले तेव्हा वर्गातली सगळी डमी मुंडकी सरळ केसांची. ब्रिटनच्या हेअरड्रेसिंगच्या राष्ट्रीय मानकांत आफ्रो केस सगळ्यांसाठी आले ते २०२१ साली. त्याआधीचे आम्ही कागदावर पास, हातानं नापास.

हे केस मी शिकले ते लंडनच्याच पेकहॅम भागात, घानाच्या एका बाईंच्या खुर्चीमागे उभी राहून. पहिले दोन महिने त्यांनी मला फक्त भांग पाडू दिले. त्या भांगांमधून टाळूलगत ओळीनं ज्या वेण्या घालतात, त्यांना अमेरिकेत मक्याच्या ओळींवरून कॉर्नरोज म्हणतात, कॅरिबियन बेटांवर उसावरून केनरोज. जिथं माणसं गुलाम करून उसात राबवली, तिथं दुसरं काय सुचणार? मी कोल्हापूरची. सरी वाकडी गेली की पुढचं सगळं वाकडं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

बाकीचं मात्र शिकावं लागलं. या केसांना इतकी वळणं असतात की टाळूचं तेल टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून ते कोरडे पडतात आणि पटकन तुटतात. कोरड्यावर कंगवा घालूच नकोस. पाणी, भरपूर कंडिशनर, मोठ्या दातांचा कंगवा, आणि गुंता टोकाकडून सोडवत वर जायचं. ओले ताणलेले केस वाळले की निम्म्यावर येतात, तेव्हा कात्री जपून. वेणी घट्ट म्हणजे चांगली, हा आपला समज इथं सोड. कानशिलाजवळ बारीक पुळ्या दिसल्या की ओढ जास्त झाली. असंच चालू राहिलं तर तिथले केस कायमचे जातात.

दुकानात गाणी चालू असतात, तेव्हा गायकांची डोकीही आठव. जेम्स ब्राउन कित्येक वर्षं केस रसायनानं सरळ करून मिरवायचा. १९६८ साली काळं असल्याचा अभिमान मोठ्यानं सांगणारं गाणं त्यानं काढलं, आणि त्या सुमारास केस सरळ न करता, तसेच फुलवून आफ्रोही राखला. (पुढं परत सरळ केले, ते सोड.) बॉब मार्लेच्या ड्रेडलॉक्सना, म्हणजे त्या जटांना, आपली पोरं स्टाइल समजतात. रास्ताफारी हा जमैकातला धर्मपंथ, त्या पंथाच्या माणसाला ते व्रत आहे, डोक्याला वस्तरा न लावण्याचं, बायबलमधलं. तसा कुणी खुर्चीत बसला तर "कापू का?" विचारण्याआधी जीभ चाव.

आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "किती मऊ आहेत!" हेसुद्धा नको, लहानपणापासून बसमध्ये, शाळेत अनोळखी हात डोक्यात गेलेले असतात या केसांच्या माणसांच्या. त्यांना सवय आहे ती आईच्या हाताची. रविवारी आईच्या दोन गुडघ्यांमध्ये जमिनीवर बसून केस विंचरून घ्यायचे, मान हलली की कंगव्याचा फटका. तुझी आजी तेल लावताना धरायची ना, अगदी तस्सं.

त्या बाईचा नंबर असेलच तुझ्याकडे. फोन कर, माफी माग, आणि चालत असेल तर रविवारी तिला घेऊन माझ्याकडे ये. पाच-सहा तास लागतील, डबा आण. पहिली सरी मी पाडून देईन.

तुझी,
ताई