टकरीत न्यूट्रॉन नसताना न्यूट्रॉनचं मोजमाप

प्रश्न : इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची टक्कर घडवून न्यूट्रॉनची विद्युत-चुंबकीय रचना मोजतात, असं वाचलं. पण त्या टकरीत न्यूट्रॉन नसतोच, आणि त्याच्यावर भारही नाही. मग मोजतात तरी काय?

उत्तर : भाराचं आधी सांगतो, ते सोपं आहे. न्यूट्रॉनमध्ये क्वार्क नावाचे आणखी छोटे, भारित कण असतात : एक अप क्वार्क (+२/३) आणि दोन डाउन क्वार्क (प्रत्येकी -१/३). जमाखर्च जुळून शिल्लक शून्य राहते, म्हणून व्यवहार झालाच नाही असं होत नाही. न्यूट्रॉन चिमुकल्या चुंबकासारखा वागतो; त्याचं चुंबकत्व अल्वारेझ आणि ब्लॉख या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४० मध्येच अचूक मोजलं होतं.

आता टक्कर. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, म्हणजे उलट भाराचा जोडीदार. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांना भेटले की दोघेही संपतात आणि त्यांच्या ऊर्जेतून न्यूट्रॉन व प्रतिन्यूट्रॉन अशी जोडी जन्माला येऊ शकते. त्यासाठी निदान १.८८ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा हवी, कारण दोघांच्या वस्तुमानाची किंमतच तेवढी. न्यूट्रॉन निव्वळ बिंदू असता तर अशा जोड्या किती मिळतील, हे कागदावर काढता येतं. प्रत्यक्षात मिळतात त्याहून खूप कमी. ही तफावत म्हणजेच फॉर्म फॅक्टर, म्हणजे आतल्या रचनेची खूण. जोड्या कोणत्या कोनात उडतात यावरून विद्युत आणि चुंबकीय वाटा वेगळा करतात.

खरी कसरत जोडी ओळखण्याची. विद्यार्थी असताना मी अशा नोंदी पडद्यावर तासन्‌तास चाळल्या आहेत. मधला भाग कोरा, एकही रेघ नाही, कारण भार नसलेला कण माग सोडत नाही. मग एका बाजूच्या, ऊर्जा टिपणाऱ्या स्फटिकांत ऊर्जेचा मोठा भडका : प्रतिन्यूट्रॉन एखाद्या अणुकेंद्रकातल्या कणाशी भिडून नष्ट झालेला. समोरच्या बाजूला न्यूट्रॉनचा फिकट ठिपका, तोही कधी कधीच. वैश्विक किरणही असाच चकवा देतात, म्हणून वेळेचा हिशेब काटेकोर लावावा लागतो. बीजिंगच्या बेस-३ यंत्रात असे ६,२४० स्फटिक आहेत.

इटलीत फ्रास्काटी इथल्या फेनिचे प्रयोगाला १९९० च्या दशकात मोजक्या नोंदींवरून न्यूट्रॉनच्या जोड्या प्रोटॉनपेक्षा जास्त दिसल्या होत्या. सिद्धांतवाल्यांना ते पटेना. बेस-३ ने २०२१ मध्ये कितीतरी जास्त नोंदींवरून निकाल उलटवला : प्रोटॉनच्या जोड्या जास्त. त्याच मोजणीत न्यूट्रॉनचा फॉर्म फॅक्टर ऊर्जेनुसार किंचित हिंदकळताना दिसला. प्रोटॉनचाही तसाच हिंदकळतो, पण दोघांच्या लाटा एका तालात नाहीत. त्या कशामुळे उठतात, यावर अजून वाद चालू आहे.