आजी खोटं बोलत नाही गं

चिऊ,

काल व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली बांगडी वाढली, आणि फोन ठेवल्यावर तू विचारलंस की फुटली तर फुटली म्हणायचं ना, वाढली कशी, आजी खोटं का बोलते. मी भांडी घासत होते, 'तसं म्हणतात' एवढंच बोलले, म्हणून आता ट्रेनमध्ये बसून टाइप करतेय.

खोटं नाही गं ते. आजीला माहितीये बांगडी फुटली, मलाही कळलं, मग फसलं कोण? बांगडी म्हणजे सौभाग्य, तिच्याबद्दल 'फुटली' हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. नारळ पण वाढवतात, कुंकू संपलं तरी वाढलंच म्हणतात.

सरळ न सांगता असं वळसा घालून सांगायचं, ह्याला व्याकरणात पर्यायोक्ती म्हणतात. आमच्या शाळेतलं ठरलेलं उदाहरण होतं, अमका सध्या सरकारी पाहुणचार घेतोय, म्हणजे तुरुंगात आहे! पण मला खरं आवडतं ते दंडीचं. सुमारे १३०० वर्षांपूर्वीचा हा संस्कृत पंडित, त्याच्या उदाहरणात एक मैत्रीण म्हणते, तो बघा कोकीळ आंब्याचा मोहोर टोचतोय, मी त्याला हाकलते, तुम्ही दोघं बसा निवांत. कोकीळ वगैरे ठीक आहे, तिला फक्त त्या दोघांना एकटं सोडायचंय. तुझा बाबा मला बघायला आला तेव्हा आजी 'चहाचं बघते' म्हणून आत गेली ती अर्धा तास बाहेरच आली नाही, चहा तर आधीच पिऊन झाला होता.

रडू आलं आणि 'डोळ्यात कचरा गेला' म्हटलं तर ती मात्र व्याजोक्ती, तिथे खरं कारण लपवायचं असतं.

सगळीच आडवळणं मला पटतात असं नाही हं. पाळी आली की 'कावळा शिवला' म्हणायचे, लहानपणी मी खरंच कावळा शोधत बसायचे, कोणी नीट सांगेचना. आपल्या घरात पाळीला पाळीच म्हणायचं.

आणि परवा आमटी खाताना तू म्हणालीस ना, 'आई, आज भात जास्त घेते', ते कळलं मला. मीठ जास्त पडलं होतं.

आई