गोळ्यांचा डबा कोणाच्या हातात?

"बायपास झाली, आता बरं वाटतंय, मग एवढ्या गोळ्या कशाला?" हे वाक्य इतक्या पेशंटकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले.

एक काका, साठीच्या आसपासचे, ऑपरेशनला पाच आठवडे झालेले. तक्रार काकूंची. शर्टाच्या खिशात, गादीखाली गोळ्या सापडतात. "मी समोर उभी राहून देते हो, गिळली का तेही बघते, तरी असं करतात." काका गप्प, खोकला आला तर छातीला आधार म्हणून उशी कवटाळून बसलेले.

पहिल्या दोन-तीन भेटी मी समजावतच राहिले. बायपासने रक्ताला नवा रस्ता मिळतो पण मूळ आजार जात नाही, नव्या रस्त्यातही गुठळी होऊ शकते म्हणून ॲस्पिरिन, चरबी साचू नये म्हणून स्टॅटिन, ठोके नि बीपी ताब्यात राहावेत म्हणून बीटा ब्लॉकर, आणि ही तर मनाने अचानक बंद करायचीच नाही, छातीत दुखणं पुन्हा उफाळू शकतं. काकांना हे सगळं आधीच पाठ! तेव्हा कळलं, गाडी माहितीवर अडलेलीच नाहीये.

मग विचारलं, "काका, गोळी लपवली की कसं वाटतं?"

बराच वेळ कोणीच बोललं नाही.

"खरं सांगू? बरं वाटतं. कधी उठायचं, कधी आंघोळ, किती चालायचं, सगळं दुसरेच ठरवतात. नाही म्हणणं तेवढं माझ्या हातात उरलंय."

काकूंचे डोळे भरून आले. वागण्याच्या मागे कुठला विचार बसलाय तो आधी शोधायचा, हे मी इतकी वर्षं धरून आहे आणि त्या दिवशी त्याचं चीज झालं असं मनापासून वाटलं. भांडण गोळ्यांचं नव्हतंच, डबा कोणाकडे याचं होतं.

मग डबा काकांकडे दिला. सात कप्प्यांचा, रविवारी स्वतः भरायचा, अलार्म स्वतः लावायचा, काकूंनी रोज विचारायचं नाही, आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून बघायचं. एक डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल घ्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने नाही. शौच काळी झाली, चक्कर आली तर लगेच फोन, आणि छातीत दाबल्यासारखं झालं तर फोनवर वेळ न घालवता थेट इमर्जन्सी.

पुढच्या वेळी काका डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांचा कागद घेऊन आले, स्वतःच्या अक्षरात. तीन प्रश्न गोळ्यांचे. चौथा अगदी बारीक लिहिलेला: पहाटे उगाच रडू येतं, हे कुणाला सांगायचं?

त्या दिवशी आम्ही गोळ्यांवर बोललोच नाही.