कापसाच्या खोलीतले लाल किडे, भिंतीवरच्या चालत्या पिशव्या आणि बरबटीवरचा काटेरी प्राणी

ताई, तुमचे चारही फोटो मोठे करकरून पाहिले. नव्यानेच दारव्ह्याकडच्या गावात आलात, घरात कापूस भरलाय, भिंतीवर राखाडी पिशव्या चालतात, कापसाच्या खोलीच्या उंबऱ्याशी लाल-काळ्या किड्यांच्या जोड्या दिसतात, परसातल्या बरबटीवर, म्हणजे चवळीवर, काळा काटेरी प्राणी फिरतो. आणि घरचे म्हणतात, कपाशीचं औषध उरलंय, तेच मारून टाकू.

आधी त्या औषधाचं. नका मारू. बरबटीच्या शेंगा तुम्ही दोन दिवसांनी तोडून भाजीला घेणार. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ती तर उघड्या शेतात फवारत होती. तुम्ही तेच औषध झोपायच्या घरात मारायचं म्हणता. डबा कुलपात ठेवा, मग किड्यांकडे वळू.

भिंतीवरची पिशवी म्हणजे एका बारक्या पतंगाची अळी. आकार भोपळ्याच्या बीसारखा, चपटा, दोन्ही टोकांना उघडा. स्वतःच्या रेशमात धूळ, वाळू, भिंतीच्या पोपड्याचा चुरा चिकटवून ती हे घर करते. एक पिशवी कागदावर ठेवा आणि पाच मिनिटं हलू नका. एका टोकातून तपकिरी डोकं आणि पुढचे पाय बाहेर येतात आणि पिशवी ओढत ती निघते. समोर काडी आडवी धरली की आत शिरते, आतल्या आत वळते आणि दुसऱ्या टोकातून निघून उलट दिशेने चालू लागते. माझ्या नातवाने तिचं नाव 'रिव्हर्सवाली' ठेवलंय. कोळ्याची जाळी, गळलेले केस, मेलेले किडे, लोकरीचे धागे हे तिचं जेवण. चावत नाही. लांब दांड्याच्या झाडूने जळमटं काढत राहा, आपोआप कमी होतील.

लाल-काळे किडे म्हणजे कपाशीवरचे लाल ढेकूण. नावात ढेकूण असला तरी खाटेतल्या ढेकणाशी गल्लत करू नका, हे रक्त पीत नाहीत. फुटलेल्या बोंडातल्या सरकीचा रस शोषतात. मानेशी पांढरी पट्टी, पंखांवर एकेक काळा ठिपका, आणि नर-मादी पाठीला पाठ लावून चिकटलेले, एक पुढे ओढतो, दुसरा मागे फरफटत जातो. तुमच्या फोटोत तर तीन जोड्या आहेत. शेतातल्या कापसाबरोबर ते घरात आले. परसात भेंडी, अंबाडी किंवा जवळ काटेसावर असेल तर तिथेही सापडतील. झाडून सुपलीत घ्या, साबणाच्या पाण्यात टाका, काम झालं. (शेजारचे म्हणतील हा 'लाल्या' आहे. लाल्या म्हणजे कपाशीची पानं लाल पडतात ते दुखणं, त्याचा या किड्याशी संबंध नाही.)

तुम्ही लिहिलंय की त्या खोलीत झोपलं की अंगाला खाज सुटते, म्हणजे हेच चावत असणार. मला तसं वाटत नाही. कापसात बोंडअळी राहिलेली असली तर त्या अळीवर जगणारे कोळी असतात, जाळी विणणारे नव्हेत, तर माइट म्हणतात ते, डोळ्याला जवळपास न दिसणारे, आणि ते माणसालाही चावतात. लाल ढेकूण डोळ्यात भरतो म्हणून आळ त्याच्यावर येतो. कापसाच्या गंजीवर किंवा तिला लागून अंथरूण घालू नका, कापूस विकून खोली रिकामी झाली की झाडून-धुऊन घ्या.

लाल रंगाने आपण सगळेच फसतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मखमलीसारखा लालभडक मिरगाचा किडा निघतो, त्याचे पाय मोजा, आठ भरतील, म्हणजे तो किडाच नव्हे, कोळ्यांच्या जातीचा. निरुपद्रवी आहे. 2018 साली नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा लोकांनी यालाच ठेचलं. तो ताप पसरवणारा चिगर, म्हणजे दुसऱ्या एका माइटचं पिल्लू, वेगळा, गवतात असतो, आणि इतका बारीक की दिसतच नाही. खरा जपण्यासारखा लाल किडा तिसराच. पावसाळ्यात दिव्यावर येतो, मुंगळ्याएवढा, लांबट, एक पेर काळं, एक नारिंगी. डंख नाही, चावतही नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्या रक्तातलं पिडेरिन नावाचं विष कातडीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. माझ्या मानेवर असा उठला तेव्हा घरात सगळे म्हणाले नागीण झाली, दोन दिवस गेरू लावून बसलो होतो! बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका.

आता बरबटीवरचा काटेरी. यासाठीच मी एवढं लिहायला बसलो. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी आहे. पाटीच्या रंगाची, पाठीवर नारिंगी डाग, पुढच्या भागात सहा लांब पाय, बारक्या मगरीसारखी. शेंड्यावर काळा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारके किडे, बसलाय ना, त्यासाठी आली आहे. ती आयुष्यात शेकड्यांनी मावा खाते. सकाळी जवळून बघा, एक मावा तोंडात धरून रस पिते आणि रिकामं टरफल टाकून पुढच्याकडे जाते. वीसेक वर्षांपूर्वी मी या अळ्या वेचून वेचून चपलेखाली चिरडल्या होत्या. आई मागून म्हणाली, "काहून मारतं रे त्याले? थो मावा खाऊन राह्यला न!" मी ऐकलं नाही. आठ दिवसांत बरबटीचा वेल चिकट होऊन काळा पडला आणि उपटून टाकावा लागला.

मात्र वांग्यावर असलीच काही दिसली तर पान बघा. वांग्यावरचा ठिपकेवाला भुंगा याच कुळातला, पण तो शाकाहारी. त्याची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे, आणि पानाची नुसती जाळी उरलेली. ती खुशाल वेचा. म्हणून मी रंगाआधी विचारतो की ते कशावर बसलंय आणि काय खातंय. बरबटीचं पान तुमच्या फोटोत धड आहे, एक भोक नाही. आठवडाभर थांबा. फारच मावा दिसला तर नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यावर मारा, पण अळ्या असलेली पानं सोडून.

चौथ्या फोटोत मला फक्त तुमचं बोट दिसतंय. पुन्हा काढा, एक वरून, एक बाजूने, शेजारी तुरीचा दाणा ठेवून म्हणजे माप कळेल, आणि पानाची खालची बाजूही घ्या. ऊन चढायच्या आत काढा, तोवर किडे गारठलेले असतात, पळत नाहीत.