पाऊणकी, पंचांग आणि भरतीची वेळ

प्रिय विद्यार्थी,

अनेक आशीर्वाद.

गणित शिकून झालं, आता ते लावू कुठे, असं लिहिलं आहेस. रत्नागिरीत राहून हा प्रश्न पडावा याची गंमत वाटली. राजिवड्याला किंवा मिरकरवाड्याला जाऊन एखाद्या जाणत्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला विचार, आज भरती किती वाजता? तो तिथी आठवेल, तिची पाऊणपट करेल आणि सांगेल. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. या हिशेबात एक चूक आहे. ती कुठली, किती आणि तरीही हिशेब का चालतो, हे शोधणं तुझं पहिलं काम.

अमावास्या ते अमावास्या तीस तिथी. तेवढ्या काळात भरतीची वेळ सरकत सरकत घड्याळाचे चोवीस तास फिरून येते. १४४० मिनिटं भागिले ३०, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. तासाच्या भाषेत चार-पंचमांश, पाऊण नव्हे. पण पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पूर्वी पोरासोरांना तोंडपाठ असायची, चार-पंचमांशाचा पाढा कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. तिथीमागे तीन मिनिटं कमी धरली तर पौर्णिमेला पंचेचाळीस मिनिटांचा घोळ होतो. पाऊणपटीने सव्वाअकरा येतात, ४८ ने बारा.

हा घोळ समुद्रावर न जाताही पकडता येतो. नियम त्याच्या टोकाशी नेऊन बघ. पौर्णिमेला सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, मोजणी पुन्हा एकपासून, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. चार-पंचमांशाने बारा आणि मग बारा अठ्ठेचाळीस, सांधा जुळतो. कुठलंही सूत्र हाती आलं की आधी त्याचे सांधे तपास, मग आकडे घाल.

तरी पाऊणकीला हसू नकोस. ४८ मिनिटं ही सरासरी आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, म्हणजे उधाणाला, भरती रोज चाळीसेक मिनिटंच पुढे जाते आणि भांगाला, अष्टमी-नवमीच्या आसपास, तासाहून जास्त. चंद्राच्या भरतीवर सूर्याची भरती चढते-उतरते, म्हणून हे होतं. त्यामुळे पहिल्या काही तिथींना पाऊणकी ४८ पेक्षा बरी ठरू शकते आणि अष्टमीनंतर ती मागे पडत जाते.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, चालू तिथी धरायची की संपलेली? पंचांगात चतुर्थी लिहिली असली तरी दुपारी ती अर्धीच झालेली असू शकते. अर्ध्या तिथीची चोवीस मिनिटं तिथेच गेली. दुसरं, चंद्र डोक्यावर येतो तो स्थानिक वेळेने. रत्नागिरी रेखांश ७३.३ वर, आपलं घड्याळ ८२.५ चं. अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ सदतीस मिनिटांचा फरक. शिवाय किनाऱ्याची ठेवण बंदरागणिक वेगळी आणि खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. हे सगळं वेगवेगळं सोडवत बसू नकोस. तुझ्या धक्क्यासाठी एकच बेरीज-वजाबाकीची संख्या काढ. ती मोजूनच काढावी लागते.

मोजायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण पुस्तकी माणूस इथेच फसतो. पाणी कमाल उंचीला कधी पोचलं हे डोळ्यांनी कळत नाही. भरती-ओहोटीत २.४ मीटरचा फरक असला तर भरतीच्या शिखराआधी आणि नंतर दहा-दहा मिनिटांत पाणी अर्धा सेंटिमीटरही हलत नाही, आणि लाट तर हातभर. म्हणून शिखर बघूच नकोस. धक्क्याच्या खांबावर रंगाने खूण कर. चढताना पाणी खुणेवर कधी आलं ते लिही, उतरताना पुन्हा कधी आलं ते लिही, दोन्हींचा मध्य काढ. १०:०८ आणि १२:४० असेल तर मध्य ११:२४. मधल्या काळात चहा पी, पण घड्याळ तेच ठेव. एक खूण पुरत नाही, वीस-वीस सेंटिमीटरवर तीन घे. खाडीत भरती झपाट्याने चढते आणि ओहोटी रेंगाळते, त्यामुळे खालच्या खुणेचा मध्य उशिराचा येतो. ११:३३, ११:२७, ११:२४ असे आकडे आले तर सरासरी काढू नकोस. ते कुठे सरकत चाललेत ते बघ आणि शिखर ११:२२ च्या आसपास धर.

लाटांचा त्रास होत असेल तर तीन इंची पीव्हीसी पाइप खांबाला उभा बांध. तळ बंद करून तिथे सात-आठ मिलिमीटरचं भोक ठेव, व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकं. आत थर्माकोलचा तरंगता तुकडा. लाट आत येत नाही, भरती येते. भोक मात्र दर दोन-चार दिवसांनी साफ कर. शेवाळ किंवा कालवं धरली की आतलं पाणी मागे राहतं आणि भरती उशिरा आल्याचं दिसतं.

वेळेनंतर उंची. भाट्ये असो की जैतापूर, खाडीच्या मुखावरच्या वाळूवरून होडी कधी न्यायची हा पोटाचा प्रश्न आहे. समज, होडीचा पाण्याखालचा भाग एक मीटर, वाळूवर ओहोटीला पाणी ०.७ मीटर, तळाखाली ०.३ मीटर मोकळं हवं. म्हणजे ६० सेंटिमीटर पाणी चढायला हवं. २४० सेंटिमीटर सहा तासांत, म्हणून ६० ला दीड तास, हे झालं त्रैराशिक. होडी इथेच टेकते. पाणी एका वेगाने चढत नाही. फरकाचे बारा भाग कर आणि तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे वाट. २०, ४०, ६०, ६०, ४०, २० सेंटिमीटर. साठ व्हायला दोन तास लागतात. दीड तासाला चाळीसच चढलेलं असतं, तळाखाली दहा सेंटिमीटर, आणि लाटेच्या खळग्यात तेही नाही. हे बारा भाग म्हणजे कोसाइनचा गावठी अवतार. दोन आणि तीन तासांना तो कोसाइनशी तंतोतंत जुळतो, पहिल्या तासाला थोडा जास्त देतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतचा खरा कालावधी सहा तास बारा मिनिटांचा, म्हणून प्रत्येक ‘तास’ बासष्ट मिनिटांचा धर.

भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं छापतो. त्यातल्या उंच्या सागरी नकाशाच्या ठरावीक पातळीपासून असतात, आजच्या ओहोटीपासून नव्हे. ही गल्लत झाली तर भांगाच्या दिवशी उत्तर बरंच चुकतं. शिवाय हवेचा दाब एक हेक्टोपास्कल घसरला तर पाणी साधारण एक सेंटिमीटर वर राहतं, आणि वाऱ्याचं ढकलणं वेगळंच.

हे जमलं की मग तुझं कॉलेजातलं गणित बाहेर काढ. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जाते आहे, तुला निदान पंधरा दिवस हवेत. पाण्याची उंची म्हणजे एक मध्यपातळी आणि चार लाटांची बेरीज असं मान. त्यांचे कालावधी १२.४२, १२, २३.९३ आणि २५.८२ तास. प्रत्येकीची साइन आणि कोसाइन, एकूण नऊ अज्ञातं, किमान वर्गांच्या रीतीने, म्हणजे मोजलेलं आणि काढलेलं यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून, सुटतात. पंधरा दिवसच का? पहिल्या दोन लाटा एकमेकींच्या पुढे एक पूर्ण फेरी जायला १४.७७ दिवस लागतात. त्याआधी कोणाचं किती हे गणिताला सांगता येत नाही, ते काहीतरी उत्तर देतं आणि तू फसतेस किंवा फसतोस.

रोज सकाळी सातलाच नोंद घेतलीस तर बारा तासांची लाट रोज त्याच जागी सापडेल आणि मध्यपातळीत मिसळून जाईल. रात्रीच्या आणि आडवेळेच्याही नोंदी हव्यात. मधली एखादी हुकली तर हुकू दे, अंदाजाने भरू नकोस.

शेवटी मोजलेल्यातून काढलेलं वजा कर आणि उरलेल्याचा आलेख काढ. सवासहा तासांनी पुन्हा पुन्हा येणारी लहर दिसली तर ती उथळ खाडीची आहे. चारऐवजी पाच लाटा घे.

येत्या अमावास्येच्या दोन दिवस आधी खुणा रंगवून ठेव. पेन वापर, चुकलं तर आडवी रेघ मार. वही पाठवशील तेव्हा खाडाखोडीसकट पाठव, नक्कल करून नको.

कळावे,
तुझा हितचिंतक